एनकर्सेसमध्ये ओळीच्या मधोमध मजकूर घुसवताना

टर्मिनलच्या विंडोत मजकूर ठेवायचे दोन प्रकार आहेत. एकात नवीन अक्षरं जुन्यांवर बसतात आणि जुनी पुसली जातात. दुसऱ्यात नवीन अक्षरं जागा करून घेतात आणि जुनी उजवीकडे सरकतात. पहिलं काम अ‍ॅडस्ट्र करतं, ते सगळ्यांना माहीत असतं. हा लेख दुसऱ्या कामाबद्दल आहे, कारण ते करणारी फंक्शन्स कमी वापरली जातात आणि वापरली जातात तेव्हा बऱ्याचदा चुकतात.

आधी नावं. ही फंक्शन्स सी भाषेतल्या कर्सेस लायब्ररीची आहेत, म्हणजे टर्मिनलच्या पडद्यावर मजकूर मांडायच्या तयार फंक्शन्सच्या संग्रहाची. मूळ कर्सेस बर्कलीत केन अरनॉल्ड यांनी लिहिली. आज लिनक्सवर आपण वापरतो ती एनकर्सेस, आणि तिची देखभाल थॉमस डिकी करतात. नाव बनवायची रीत एकदा समजली की पाठ करायला काही उरत नाही. 'इन्सर्ट'ची पहिली तीन अक्षरं आणि 'स्ट्रिंग'ची पहिली तीन अक्षरं जोडली की झालं इन्सस्ट्र. दोन्ही तुकड्यांच्या मध्ये 'एन' आला की किती अक्षरं घालायची याची मर्यादा देता येते: इन्सएनस्ट्र. पुढे 'डब्ल्यू' लावलं की कुठली विंडो ते सांगायचं, आणि त्याही पुढे 'एमव्ही' लावलं की आधी कर्सर हलतो आणि मग मजकूर जातो. अशी एकूण आठ फंक्शन्स होतात. त्यातलं सगळ्यात लांब नाव एमव्हीडब्ल्यूइन्सएनस्ट्र. त्याला पाच गोष्टी द्याव्या लागतात, याच क्रमाने: विंडो, ओळ, रकाना, मजकूर, मर्यादा. ओळ आधी आणि रकाना नंतर, म्हणजे वाय आधी, एक्स नंतर. गणिताच्या सवयीने एक्स आधी लिहिला जातो आणि मजकूर भलतीकडे उमटतो. दोन्ही अंक शून्यापासून मोजायचे, आणि ते त्या विंडोच्या कोपऱ्यापासून, पडद्याच्या नव्हे.

आता नेमकं काय घडतं ते दहा घरांच्या एका ओळीवर पाहू. ओळीत आहे:

०१२३४५६७८९

कर्सर तिसऱ्या रकान्यावर, म्हणजे ३ या अंकावर आहे. इथे अ‍ॅडस्ट्रने तीन फुल्या लिहिल्या तर ओळ होते ०१२***६७८९ आणि कर्सर सहाव्या रकान्यावर जातो. त्याच जागी इन्सस्ट्रने त्याच तीन फुल्या घातल्या तर ओळ होते:

०१२***३४५६

७, ८ आणि ९ गेले. ते पुढच्या ओळीवर उतरत नाहीत, कुठे साठवलेही जात नाहीत. विंडोच्या उजव्या कडेबाहेर ढकललं गेलेलं अक्षर कायमचं गेलं. फंक्शन त्याबद्दल तक्रारही करत नाही, परत येणारं उत्तर ओकेच असतं. आणि कर्सर? तो तिसऱ्या रकान्यावरच आहे, आता पहिल्या फुलीवर.

कडेबाहेर पडलेलं परत येत नाही आणि कर्सर जागचा हलत नाही. या फंक्शन्समध्ये येणाऱ्या बहुतेक अडचणी या दोन गोष्टींतूनच येतात.

तयारीचं थोडक्यात. डेबियन किंवा उबुंटूवर लिबएनकर्सेस-डेव्ह हे पॅकेज लागतं, फेडोरावर एनकर्सेस-डेव्हेल. लिंक करताना एनकर्सेसडब्ल्यू ही रुंद अक्षरांची बांधणी घ्या, साधी नको. लायब्ररीचा फ्लॅग कमांडमध्ये तुमच्या सी फाइलच्या नंतर लिहा. आधी लिहिला तर काही लिंकर 'अनडिफाइंड रेफरन्स' म्हणून थांबतात. टर्मइन्फोचा (टर्मिनलची माहिती देणारा) भाग वेगळ्या लायब्ररीत असेल तर ती वेगळी जोडावी लागते. हा गोंधळ टाळायचा असेल तर पीकेजी-कॉन्फिगला एनकर्सेसडब्ल्यूचे फ्लॅग विचारा, तो दोन्हींची नावं बरोबर देतो. प्रोग्रामच्या सुरुवातीला, पडदा सुरू करणाऱ्या इनिटएससीआरच्या आधी, सेटलोकेलला रिकामी स्ट्रिंग देऊन सिस्टिमची भाषा चालू करा. हे विसरलं की मराठीच काय, साधं रुपयाचं चिन्हसुद्धा नीट उमटत नाही.

मग इनिटएससीआर, सीब्रेक (कळ दाबताच मिळावी म्हणून), नोएको (टाइप केलेलं आपोआप उमटू नये म्हणून), आणि लगेच एकदा रिफ्रेश. हा शेवटचा रिफ्रेश फार महत्त्वाचा आहे. तो वगळून तुम्ही वेगळ्या विंडोत मजकूर घातला, ती विंडो डब्ल्यूरिफ्रेशने दाखवली आणि मग कळ वाचणारं साधं गेटसीएच बोलावलं, तर गेटसीएच आपणहून मुख्य पडदा ताजा करतं. तो पहिल्यांदाच ताजा होत असल्यामुळे सगळं साफ होतं आणि तुमची विंडो क्षणभर चमकून नाहीशी होते. 'मजकूर दिसतच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं. सुरुवातीला एकदा रिफ्रेश करा आणि कळ वाचताना त्याच विंडोसाठीचं डब्ल्यूगेटसीएच वापरा.

घालण्याची फंक्शन्स स्वतः पडद्यावर काहीच आणत नाहीत. ती लायब्ररीच्या स्मरणातली ओळ बदलतात, पडद्यावर बदल येतो तो रिफ्रेशने. एका वेळी चार विंडो बदलायच्या असतील तर प्रत्येकीला डब्ल्यूएनआउटरिफ्रेश द्या आणि शेवटी एकच डूअपडेट करा. पडदा लुकलुकत नाही.

कर्सर हलत नाही याचा पहिला फटका बसतो तो एकामागोमाग दोनदा घालताना. आधी '१२' घातलं, मग '३४' घातलं, तर पडद्यावर येतं ३४१२. दुसरा तुकडा पहिल्याच्या आधी जाऊन बसतो. सरळ क्रम हवा असेल तर प्रत्येक तुकड्यानंतर घातलेल्या रुंदीइतका कर्सर डब्ल्यूमूव्हने स्वतः पुढे न्या. नाहीतर सगळा मजकूर आधी एका बफरमध्ये जुळवून एकदाच घाला. दुसरा मार्ग जास्त चांगला, कारण प्रिंटडब्ल्यूसारखं आकडे-स्ट्रिंग जुळवून थेट घालणारं फंक्शन या कुटुंबात नाहीच. एसएनप्रिंटएफने बफर तयार करायचा आणि तो इन्सस्ट्रला द्यायचा, हीच नेहमीची पद्धत.

हाच स्वभाव एका जागी मात्र खूप उपयोगी पडतो: विंडोचा उजवा खालचा कोपरा. २४ ओळी आणि ८० रकान्यांच्या विंडोत तळाच्या ओळीवर पूर्ण ८० रकान्यांची माहितीपट्टी लिहायची आहे असं धरा. अ‍ॅडस्ट्र शेवटचं अक्षर लिहून कर्सर पुढे न्यायला जातं. पुढे जागाच नसते. स्क्रोल चालू असेल तर सगळी विंडो एक ओळ वर सरकते आणि पट्टीची जागा बिघडते. स्क्रोल बंद असेल तर अक्षर उमटतं पण उत्तर ईआरआर (काम फसल्याची खूण) येतं, आणि उत्तरं तपासणारा प्रोग्राम उगाच घाबरतो. त्याच ओळीच्या शून्याव्या रकान्यावर एमव्हीडब्ल्यूइन्सस्ट्रने ८० रकान्यांचा मजकूर घाला. जुनं सगळं कडेबाहेर जातं, कोपऱ्यातलं अक्षर जागेवर बसतं, काही सरकत नाही आणि उत्तर ओके येतं. एकच अक्षर कोपऱ्यात हवं असेल तर एकच अक्षर घालणारं इन्ससीएच पुरेसं आहे.

आता मर्यादेबद्दल, म्हणजे त्या 'एन'बद्दल. जास्तीत जास्त किती अक्षरं घालायची ते हा आकडा सांगतो. उणे एक दिला तर पूर्ण स्ट्रिंग जाते. इथे एक खड्डा आहे: एनकर्सेसमध्ये शून्य दिला तरी पूर्ण स्ट्रिंग जाते. 'शून्य म्हणजे काहीच नको' असं तुम्ही गृहीत धरता आणि उरलेली जागा वजाबाकी करून काढता. ओळ भरली की वजाबाकी शून्य येते आणि नेमक्या त्याच वेळी सगळी स्ट्रिंग ओळीत घुसते. हा दोष चाचणीत सापडत नाही, कारण चाचणीत ओळ क्वचितच नेमकी भरलेली असते. म्हणून आकडा मोजून काढत असाल तर बोलावण्याआधी तो शून्यापेक्षा मोठा आहे ना, ते तपासा. नसेल तर फंक्शन बोलावूच नका.

कडेबाहेर काही महत्त्वाचं पडणार आहे का, हे आधी बघायचं असेल तर असं करा. गेटवायएक्सने कर्सरची जागा नोंदवून ठेवा. गेटमॅक्सएक्सने विंडोची रुंदी घ्या. जितके रकाने घालायचे आहेत तितकेच शेवटचे रकाने एमव्हीडब्ल्यूइनएनस्ट्रने बफरमध्ये वाचा. बफर त्यापेक्षा एका घराने मोठा हवा, स्ट्रिंग संपवणाऱ्या शेवटच्या शून्यासाठी. सगळी रिकामी घरं निघाली तर बिनधास्त घाला. काही सापडलं तर नकार द्या किंवा ते पुढच्या ओळीवर न्या. वाचणाऱ्या फंक्शनने कर्सर हलवलेला असतो, तेव्हा नोंदवलेल्या जागी परत या. ही पद्धत साध्या आस्की (इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या) मजकुरासाठी. देवनागरी असेल तर वाचायलाही रुंद अक्षरांचंच फंक्शन घ्यावं लागतं.

चौकट काढलेल्या विंडोत हाच प्रश्न डोळ्यांना लगेच खुपतो. बॉक्सने चारी बाजूंना रेषा काढली आणि त्याच विंडोत एका ओळीवर चार अक्षरं घातली, की त्या ओळीवरची उजवी उभी रेषा कडेबाहेर जाते आणि चौकटीला दात पडल्यासारखं दिसतं. लायब्ररीसाठी ती रेषा म्हणजे शेवटच्या घरातलं एक अक्षर, बाकीच्यांसारखंच. दरवेळी रेषा पुन्हा काढणं हा उपाय नव्हे. डेरविनने आत दुसरी विंडो बनवा: उंची दोनने कमी, रुंदी दोनने कमी, सुरुवात १, १ वर. बाहेरची ४० रकान्यांची असेल तर आतली ३८ ची. मजकूर कायम आतल्या विंडोत घाला. आतलीची उजवी कड तिच्या ३८ व्या घरावर संपते, त्यामुळे ढकलाढकल तिथेच थांबते आणि रेषा शाबूत राहते. दोघींची घरं सामायिक असतात, म्हणून बाहेरची विंडो ताजी करण्याआधी तिच्यावर टचविन करा. नाहीतर आतला बदल कधी दिसतो, कधी नाही.

नियंत्रण-चिन्हांकडे विशेष लक्ष द्या. मजकुरात टॅब असेल तर पुढच्या आठाच्या पटीतल्या रकान्यापर्यंत रिकामी घरं घातली जातात. तिसऱ्या रकान्यावर टॅब पाच घरं खातो, आठव्यावर पूर्ण आठ. स्ट्रिंगची लांबी मोजून जागेचा हिशोब केला असेल तर तो इथे चुकतो. ओळ संपवणारं चिन्ह त्याहून वाईट. ते कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं पुसतं आणि मग खालच्या ओळीवर जातं. म्हणजे जो मजकूर उजवीकडे सरकवून वाचवायचा होता तोच पुसला जातो. फाइलमधून किंवा एफगेट्सने वाचलेल्या ओळीच्या शेपटीला हे चिन्ह चिकटलेलं असतंच. घालण्याआधी ते काढून टाका. एसटीआरसीएसपीएनने त्याची जागा शोधून तिथे शून्य ठेवलं की काम होतं.

बाकीची नियंत्रण-चिन्हं टोपीचं चिन्ह आणि एक अक्षर अशा जोडीने दिसतात आणि दोन घरं घेतात. म्हणूनच रंग बदलणाऱ्या एस्केप मालिका स्ट्रिंगमध्ये घालून रंग येत नाही. त्या मालिका तशाच्या तशा पडद्यावर छापल्या जातात. रंग किंवा ठळकपणा हवा असेल तर घालण्याआधी डब्ल्यूअ‍ॅट्रऑन आणि नंतर डब्ल्यूअ‍ॅट्रऑफ. घातलेल्या अक्षरांना विंडोची त्या क्षणीची शैली मिळते. सरकलेली अक्षरं आपापली जुनी शैली घेऊनच सरकतात. शोधलेला शब्द उलट्या रंगात दाखवलेला असेल आणि त्याच्या आधी काही घातलं, तर उलटा रंगही शब्दाबरोबर पुढे जातो. हे हवंच असतं.

एक सावधगिरी मॅक्रोंबद्दल. या आठांपैकी डब्ल्यूइन्सएनस्ट्र सोडून बाकीची मॅक्रो असू शकतात. 'एमव्ही'च्या रूपांत विंडोचं पद दोनदा मोजलं जातं: एकदा कर्सर हलवायला, एकदा मजकूर घालायला. म्हणून त्या जागी पुढची विंडो काढून देणारं किंवा आकडा वाढवणारं पद लिहू नका. आधी चलात घ्या, मग चल द्या. दिलेली जागा विंडोबाहेर असेल तर उत्तर ईआरआर येतं आणि काहीच घातलं जात नाही. टर्मिनल लहान केल्यावर हे हमखास घडतं, तेव्हा आकार बदलल्याची कळ आली की रुंदी-उंची पुन्हा मोजा. विंडो किंवा मजकूर नल असला तरी ईआरआरच.

आता मराठी मजकूर. इथे जरा थांबून बघावं लागतं, कारण एका घरात एक अक्षर हा हिशोब आपल्या लिपीला तसाच लागू होत नाही. 'पुणे' हा शब्द घ्या. आपल्याला दोन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ते चार संकेतांक आहेत: प, उकार, ण आणि एक मात्रा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण बारा. पडद्यावर घरं मात्र दोनच, कारण उकार आणि वरची मात्रा स्वतःचं घर घेत नाहीत. आधीच्या व्यंजनाच्या घरातच राहतात. तेव्हा एसटीआरएलईएनने मोजलेली बाराची लांबी रकान्यांच्या हिशोबात वापरली तर दहा रकान्यांची चूक होते. रकाने मोजायला डब्ल्यूसीएसविड्थ वापरा. काना, ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी, विसर्ग ही चिन्हं युनिकोडमध्ये जागा घेणाऱ्या वर्गात आहेत. उकार, एक मात्रा, अनुस्वार आणि हलन्त जागा न घेणाऱ्या. म्हणून नुसत्या नजरेने मोजू नका.

यासाठी रुंद अक्षरांची वेगळी आठ फंक्शन्स आहेत: इन्स नंतर अधोरेषा आणि मग डब्ल्यूस्ट्र, किंवा मर्यादेसह एनडब्ल्यूस्ट्र. हेडर जोडण्याआधी एक्सओपेन सोर्स एक्स्टेंडेड हा मॅक्रो घोषित केला की ती उपलब्ध होतात. त्यांचा एक नियम लक्षात ठेवा: मजकुराची सुरुवात जागा न घेणाऱ्या चिन्हाने झाली तर घालणं फसतं. वापरकर्त्याने आधी 'प' टाइप केला आणि तो तुम्ही घातला, मग उकार टाइप केला आणि तोही वेगळा घालायला गेलात, तर हा नियम मोडतो. कळ आली की घाल, या पद्धतीने लिहिलेला संपादक इंग्रजीत सुरळीत चालतो आणि मराठीत दुसऱ्याच कळीला अडखळतो.

म्हणून मराठीसाठी सरळ सल्ला: पडद्याला साठवणीची जागा समजू नका. ओळ तुमच्या स्वतःच्या रुंद अक्षरांच्या अ‍ॅरेत ठेवा. नवीन अक्षर त्यात घाला, बाकीची मेममूव्हने पुढे सरकवा. मग त्या जागेपासून पुढची ओळ अ‍ॅडडब्ल्यूस्ट्रने पुन्हा लिहा आणि शेवटी सीएलआरटूईओएलने उरलेलं पुसा. लिहिणारं फंक्शन जागा न घेणारं चिन्ह आधीच्या घराला नीट जोडतं. शिवाय कडेबाहेर गेलेला मजकूर तुमच्याकडे शिल्लक राहतो, त्यामुळे ओळ आडवी सरकवून दाखवता येते. 'क्ष' किंवा 'ज्ञ' सारखं जोडाक्षर काही टर्मिनल एका घरात दाखवतात, काही दोन घरांत पसरवतात. लायब्ररीचा हिशोब आणि टर्मिनलचा हिशोब इथे जुळेलच असं नाही. कर्सर अक्षराच्या पुढे-मागे दिसायला लागला की आधी टर्मिनल बदलून बघा, मग प्रोग्राममध्ये दोष शोधा.

घालण्याची फंक्शन्स थेट वापरावी अशी जागा म्हणजे आस्की आकडे, लेबलं, माहितीपट्ट्या आणि सरकत्या पाट्या. उजवीकडे सरकणारी पाटी तर चार ओळींत होते: स्ट्रिंगच्या शेवटच्या अक्षरापासून मागे मागे येत, दरवेळी शून्याव्या रकान्यावर मर्यादा १ देऊन एकच अक्षर घालायचं, रिफ्रेश करायचं आणि नॅपएमएसने १२० मिलिसेकंद थांबायचं. डावीकडे सरकवायची असेल तर शून्याव्या रकान्यावर डेलसीएच (अक्षर काढून उरलेली डावीकडे आणणारं) आणि नवीन अक्षर शेवटच्या रकान्यावर इन्ससीएच. तिथलं घर डेलसीएचमुळे नुकतंच रिकामं झालेलं असतं, त्यामुळे ढकललं जातं ते मोकळं घर.

दूरच्या सर्व्हरवर जुन्या टर्मिनलमधून चालवताना सरकलेल्या ओळी कधी फाटलेल्या दिसतात. लायब्ररी बाइट वाचवायला टर्मिनलचीच अक्षर घालण्याची आज्ञा वापरते आणि ती त्या टर्मिनलला नीट येत नाही. त्या विंडोसाठी आयडीसीओके, म्हणजे ही आज्ञा वापरायची परवानगी, बंद करा. मग लायब्ररी बदललेला भाग पूर्ण लिहून काढते. थोडे बाइट जास्त जातात, पण ओळ शाबूत दिसते. तरीही बिघाड राहिला तर टर्म या चलात टर्मिनलचं नाव बरोबर आहे का ते तपासा.

दोष शोधताना प्रिंटएफ वापरू नका, लायब्ररीला नकळत पडदा बदलतो आणि खरा दोष त्याखाली दडतो. संदेश एसटीडीईआरआरवर लिहा, प्रोग्राम सुरू करताना तो एका फाइलकडे वळवा आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये टेल -एफ लावून ठेवा.